‘बसायचं’ ठरलंय? मग अकरा जणांचा बेत असा तडीस न्या

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. सात पिणारे, चार न पिणारे. त्यात दोघं पक्के शाकाहारी आणि एकीचा गुरुवार. सगळे पुण्यात, पण एक टोक हिंजवडीला तर दुसरं हडपसरला. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी ग्रुपवर ‘एकदा बसूया रे’ टाकलं आणि माझ्या तोंडून ‘मी बघतो’ निघून गेलं. तेव्हापासून टेबल बुक करणं, वर्गणी काढणं आणि रात्री एक वाजता कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधणं माझ्याकडेच आहे.

तुमच्याही तोंडून ‘मी बघतो’ निघून गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. उदाहरणं पुण्याची आहेत, पण दारूचे नियम महाराष्ट्रभर बहुतेक हेच.

१. तारीख: आधी कालनिर्णय, मग पोल

पहिल्याच वेळी मी शनिवार बघून टेबल बुक केलं. संध्याकाळी कळलं की संकष्टी आहे. दोघांचा उपास. बाकीच्यांच्या पुढ्यात चिकन लॉलीपॉप येतंय आणि हे दोघं लिंबू सरबत घेऊन चंद्रोदयाची वाट बघताहेत. चंद्र उगवल्यावर त्यांनी उपास सोडला तो पनीर चिलीवर. त्यातला एक अजून दर वेळी विचारतो, ‘पंचांग बघितलंस ना?’

त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर आधी बघा. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, पितृपक्ष. श्रावणात निम्मा ग्रुप गळतो, त्यामुळे त्या महिन्याचा नाद सोडा. श्रावणाच्या आधी गटारीच्या शनिवार-रविवारी बसायचं असेल तर दोन आठवडे आधी बुकिंग करा. त्या दिवशी अख्ख्या शहराला हीच कल्पना सुचलेली असते.

मग ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात. फसवतात ते बाकीचे. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी विसरली जाते. गणपतीत विसर्जनाच्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूविक्री बंद, आणि मतमोजणीच्या दिवशीही बंद. निवडणुकीच्या मोसमात म्हणून तारीख पक्की करण्याआधी हॉटेलला फोन करून विचारा, त्यांना पाठ असतं.

हे सगळं चाळून दोन तारखा उरल्या की मगच ग्रुपवर पोल टाका. दोनच पर्याय द्या. मी एकदा लोकशाहीच्या उत्साहात सहा तारखा दिल्या होत्या. अकरा जणांनी मिळून सहाही तारखांना मत दिलं आणि बेत पुढच्या महिन्यात गेला. पोलची मुदत गुरुवार रात्र, हे त्याच मेसेजमध्ये लिहा.

२. डोकी मोजा, पण वर्गणीने

‘नक्की येतो’ याचे पुण्यात तीन अर्थ होतात: येतो, बघतो आणि येत नाही. हे ओळखायचा एकच उपाय मला सापडलाय, तो म्हणजे कॉन्ट्री आधी काढणे. माणशी ५०० रुपये, बुकिंगच्या आधी, यूपीआयवर. ज्याचे आले तो मोजायचा. ज्याचे आले नाहीत त्याच्यावर रागवायचं नाही, फक्त त्याची खुर्ची धरायची नाही. आयत्या वेळी गळणाऱ्याचे पैसे परत करायचे की नाहीत, हेही आधीच सांगून टाका. आम्ही आदल्या दिवसापर्यंत कळवलं तर परत देतो, त्यानंतर नाही.

हा हिशेब काढतानाच प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: पिणार का, खाण्यात काय चालत नाही, आणि परत कसा जाणार. तिसऱ्या प्रश्नाला सगळे ‘बघू’ म्हणतील. त्याकडे नवव्या मुद्द्यात येऊ.

३. जागा: परमिट रूम, रेस्टो-बार की ब्रू-पब

परमिट रूम स्वस्त. तिथलं खाणंही अनेकदा झकास असतं, मसाला पापड आणि शेंगदाणा मसाला तिथल्यासारखा कुठे मिळत नाही. पण ग्रुपमध्ये मैत्रिणी असतील तर ‘फॅमिली सेक्शन आहे का आणि तिथे ड्रिंक्स सर्व्ह करता का’ हे फोनवरच विचारा. काही ठिकाणी फॅमिली सेक्शन म्हणजे फक्त जेवण.

रेस्टो-बार मिश्र ग्रुपला सगळ्यात सोयीचा. बाणेर, बालेवाडी हाय स्ट्रीट, विमाननगर, कोरेगाव पार्क, इथे रांगेने आहेत. ब्रू-पब म्हणजे जिथे बियर तिथेच बनते. पुण्याला याचा अभिमान असायला हरकत नाही, कारण देशातल्या या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या पबांपैकी एक, डूलाली, २००९ साली इथेच सुरू झाला. ताजी बियर चवीला वेगळी असते. आंबट, संत्र्याची, कॉफीची अशी काय काय येते. आधी छोटे नमुना ग्लास मागा, बरीच ठिकाणं देतात. मात्र तुमच्या ग्रुपमधले तिघं ‘मला माझी नेहमीची ओल्ड मंक रमच पाहिजे’ म्हणणारे असतील, तर ब्रू-पबचा आग्रह धरू नका.

जागा निवडताना नकाशावर सगळ्यांच्या मधोमध बिंदू काढायचा प्रयत्न मी केलाय. तो बिंदू मुळा-मुठेच्या पात्रात पडतो. त्यापेक्षा ज्याला सगळ्यात लांब जायचंय आणि जिला एकटीला परतायचंय, त्या दोघांना सोयीचं बघा. बाकीचे येतात.

४. बुकिंगच्या फोनवर विचारायचंच

ॲपवर टेबल बुक झालं तरी एक फोन करा. ॲप हे सांगत नाही:

- अकरा जणांना एकच टेबल मिळेल का? ‘जोडून देतो’ म्हणाले तर कुठे, तेही विचारा. आम्हाला एकदा ६ आणि ५ अशी दोन टेबलं मिळाली, मध्ये खांब. संध्याकाळभर आम्ही खांबाला टाळून बोलत होतो.
- गाणी किती मोठ्याने? स्पीकरपासून लांबचा कोपरा मागा. सहा महिन्यांनी भेटून ‘काय? काय म्हणालास?’ यात रात्र जाते.
- फक्त मुलांचा ग्रुप असेल तर स्टॅग एंट्री, म्हणजे मुलींशिवाय प्रवेश, आहे का? शनिवारी बऱ्याच पबमध्ये दारातून परत पाठवतात. हा सापळा नवख्यांना हमखास लागतो.
- कव्हर चार्ज, म्हणजे नुसतं आत जायचे पैसे, आहे का, आणि असेल तर तो बिलात वळता होतो का?
- टेबल किती वेळासाठी? काही ठिकाणी शनिवारी दोन तासांनी ‘सर, पुढचं बुकिंग आहे’ येतं.
- हॅपी अवर्स कधी संपतात, आणि ‘एकावर एक’ कोणत्या ब्रँडवर?
- लास्ट ऑर्डर किती वाजता? पुण्यात बार बंद करायची मर्यादा रात्री दीडची आहे, पण किचन त्याच्या बरंच आधी बंद होतं. पिताना भुकेचं भान नसतं. साडेबाराला बिर्याणी आठवते आणि तेव्हा वेटर हात जोडतो.

फोन उचलणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. आयत्या वेळी ‘अमुक अमुकशी बोलणं झालंय’ म्हटलं की काम लवकर होतं.

५. सोबत काय हवं

- वयाचा पुरावा: आधार, वाहन परवाना किंवा पॅन. महाराष्ट्रात माइल्ड बियरसाठी २१ आणि व्हिस्की, रम वगैरेंसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीचा अपघात झाला, त्यानंतर पुण्यात दारावरची तपासणी कडक झाली. तिशीतला चेहराही अडवतात. ग्रुपमध्ये कुणाचा २३ वर्षांचा भाऊ येणार असेल तर त्याला आधीच सांगा.
- परवाना. हो, दारू पिण्याचाही परवाना असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणूनच पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजन्म १,००० रुपयांना. बारमध्ये एका दिवसाच्या परवान्याची सोय बहुधा तेच करतात. घरी किंवा फार्महाऊसवर बसायचं असेल तर मात्र ही जबाबदारी तुमची. आमच्यातल्या बँकवाल्याने आजन्म परवाना काढलाय आणि तो पाकिटात पासपोर्टसारखा जपतो.
- चार्ज केलेला फोन आणि थोडी रोकड. शनिवारी रात्री यूपीआय हटकून अडकतं.
- पायात बूट. काही पब चप्पल-सँडलवाल्यांना आत घेत नाहीत. माझी हरवलेल्या चपलेची गोष्ट परमिट रूममधली आहे, हे वेगळं सांगायला नको.

६. पैसे: बसायच्या आधी बोला

मैत्री तुटते ती इथे. आमच्यातली एक पीत नाही. तीन भेटी तिने मुकाट्याने समान हिस्सा दिला, चौथ्या वेळी ‘काम आहे’ म्हणाली, पाचव्या वेळीही काम निघालं. काम कसलं, ते मला उशिरा कळलं.

आकड्यांत बघा. अकरा जण, पिणारे सात. खाणं (सॉफ्ट ड्रिंक, मॉकटेल धरून) ६,६०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६,९३०. दारू ८,४०० रुपये. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. तो १० टक्के धरला तर ९,२४०. एकूण १६,१७०.

सरसकट वाटलं तर माणशी १,४७०.

खाणं अकरांत आणि दारू सातांत वाटली तर न पिणाऱ्याला ६३० आणि पिणाऱ्याला १,९५०.

म्हणजे सरसकट वाटपात लिंबू सोडा पिणारी प्रत्येक वेळी ८४० रुपये दुसऱ्यांच्या व्हिस्कीसाठी देत होती. चार जणांचे मिळून ३,३६० झाले. आणि कुणी कंजूष नव्हतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. फक्त रात्री एक वाजता भागाकार करायची कुणाची तयारी नव्हती.

तेव्हा नियम दोनच ठेवा आणि ते ग्रुपवर आधी लिहा: खाणं सगळ्यांत, पिणं पिणाऱ्यांत. आणि वेटरला बसल्या बसल्या सांगा, ‘दादा, फूड आणि लिकर दोन वेगळी बिलं.’ कर वेगवेगळे असल्याने बऱ्याच ठिकाणी ती तशीही वेगळीच निघतात. सातांतही कुणी बियरची एक पाइंट घेतली आणि कुणी महागडी सिंगल माल्ट व्हिस्की, असं झालं तर माल्टवाल्याने स्वतःहून वरचे पैसे टाकावेत. नाही टाकले तर पुढच्या वेळी त्याला रममध्ये ठेवा.

शाकाहारींसाठी वेगळं गणित आम्ही करत नाही. पनीर हल्ली चिकनच्याच भावात असतं.

७. ऑर्डर: एकाने द्यायची

अकरा जणांनी वेटरला एकाच वेळी हाका मारल्या की तीन क्रिस्पी कॉर्न येतात आणि एकही चिकन टिक्का येत नाही. ऑर्डर देणारा एकच. पहिल्या फेरीत चकणा लगेच येणारा मागवा: मसाला पापड, शेंगदाणे, काकडी-गाजर. तोवर तंदूर चालू होतो. व्हेज स्टार्टर टेबलाच्या एका टोकाला आणि नॉनव्हेज दुसऱ्या टोकाला, चमचे वेगळे. ज्यांना पाळायचंय त्यांना ते मागावं लागू नये.

पेग मागताना ‘छोटा’ की ‘मोठा’ स्पष्ट बोला. छोटा ३० मिली, मोठा ६०. नुसतं ‘एक व्हिस्की’ म्हटलं की काही ठिकाणी मोठाच येतो, बिलही मोठंच येतं. सगळे एकाच ब्रँडचे असाल तर क्वार्टर, हाफ किंवा खंबा (पूर्ण बाटली) देतात का विचारा. ७५० मिलीच्या खंब्यात पंचवीस छोटे पेग बसतात आणि सुट्या पेगांपेक्षा तो अनेकदा स्वस्त पडतो. फक्त खंबा टेबलावर आला की तो संपवायचाच, हा आपला एक राष्ट्रीय आजार आहे. उरली तर बाटली बारमध्ये नावाने ठेवता येते का विचारा.

बियरचा एक गैरसमज मला स्वतःला महाग पडला. ‘मी आज फक्त बियर’ म्हणणारा माणूस ६५० मिलीची स्ट्राँग बाटली घेतो. तिच्यात साडेसात-आठ टक्के अल्कोहोल असतं. साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीशी ताडून बघितलं तर ती एक बाटली म्हणजे जवळजवळ चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ. शरीर ते काढून टाकतं तासाला साधारण एक छोटा पेग या वेगाने. लिंबू, काळी कॉफी, तोंडावर पाणी, यातलं काहीही तो वेग वाढवत नाही. पोटात अन्न असलं तर चढते सावकाश, म्हणून जेवण शेवटासाठी राखून ठेवू नका. साडेदहाला मेन कोर्सची ऑर्डर गेलीच पाहिजे. फोनमध्ये गजर लावा, मी लावतो, हसतात, हसू द्या.

टेबलावर पाण्याचे जग भरलेले ठेवा. आणि जो ‘नको’ म्हणाला त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. ‘एक तर घे रे, माझ्यासाठी’ हे वाक्य आमच्या टेबलावर बंद आहे. कुणी औषधं घेत असतं, कुणी सोडलेली असते, कुणाला सांगायचं नसतं.

८. बिल: आधी वाचा, मग भरा

बिल आलं की न पिणाऱ्यांपैकी एकाकडे द्या. ओळी मोजायला तोच शुद्धीत असतो. तीन गोष्टी बघायच्या.

न मागवलेले पदार्थ. मोठ्या टेबलावर शेजारची ऑर्डर आपल्या नावावर चढते. मुद्दाम असेलच असं नाही. आम्ही दर फेरीला टेबलाचा फोटो काढतो. आठवणही होते आणि पुरावाही.

सर्व्हिस चार्ज. हा कर नाही. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. बिलात दिसला तर शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. बहुतेक ठिकाणी मुकाट काढतात. अडून बसले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण चार्ज काढून घेतलात तर वेटरला टिप हातात द्या. अकरा जणांचे नखरे त्याने झेललेत.

जीएसटी दारूवर तर लावलेला नाही ना? एका ठिकाणी आम्हाला पूर्ण बिलावर लावून आला होता. दाखवल्यावर ‘सिस्टीमचा प्रॉब्लेम’ निघाला.

एकाने पूर्ण बिल भरावं आणि क्यूआर कोड तिथेच ग्रुपवर टाकावा. उठायच्या आधी सगळ्यांचे पैसे आले पाहिजेत. ‘उद्या टाकतो’चा उद्या दिवाळीत उगवतो.

९. घरी जाणं: हा मुद्दा लिहून घ्या

रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. दुचाकीलाही हेच. दोन छोट्या पेगांत कुणाकुणाचा काटा ३० ओलांडतो, त्यामुळे ‘मला चढत नाही’ हा युक्तिवाद नळी फुंकताना चालत नाही.

म्हणून दुसऱ्या मुद्द्यातल्या ‘बघू’ला उत्तर मागा. गाडी आणूच नका, हे सगळ्यात सोपं. मेट्रोने जाता येतं, पण परतीला तिच्यावर विसंबू नका. ती रात्री अकराच्या सुमारास थांबते. आणलीच असेल तर ड्रायव्हर ॲपवरून तासाच्या भाड्याने बोलवा. शनिवारी रात्री ते लवकर मिळत नाहीत, दुपारीच ठरवून ठेवा. न पिणाऱ्या मित्राला फुकटचा ड्रायव्हर समजू नका. सोडणार असेल तर त्याने आधी हो म्हटलेलं हवं, आणि त्या रात्री त्याच्या जेवणाचे पैसे गाडीतल्या बाकीच्यांनी भरायचे. आमच्याकडे हा नियम लागल्यापासून सोडायला दोघं तयार असतात.

कॅब दिशेनुसार वाटून घ्या, हिंजवडीवाले एकीकडे, हडपसरवाले एकीकडे. शेवटच्या टप्प्यात कुणी एकटी उरत असेल तर क्रम बदला. राइडचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं आणि दारात पोचल्यावर ‘पोचलो’ लिहायचं. अकरा ‘पोचलो’ येईपर्यंत मी झोपत नाही.

कुणाला जास्त झालीच तर एकटं सोडू नका आणि उताणं झोपवू नका, कुशीवर वळवा. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. लाज नंतर वाटू द्या.

सकाळी उठल्यावर एक मेसेज टाका: दोन्ही बिलांचे फोटो, कुणाचे किती आले, पाचशेतून काय उरलं, आणि सापडलेल्या वस्तूंची यादी. गेल्या वेळी आमच्या यादीत एक पॉवर बँक, एक लिपस्टिक आणि कुणाच्याच मालकीची नसलेली छत्री होती. छत्री अजून माझ्याकडे आहे.